चिनो मिस्तरीचा लाहा

तालुका कचेरीत जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखं काय असणार, असा प्रश्न आमच्या घरातूनच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मी वाघ मारला नाही, तुरुंगात गेलो नाही, कुठल्या साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकला नाही. शहाद्याच्या कचेरीत एका डुगडुगत्या टेबलाशी बसून लोकांनी सांगितलेलं कागदावर उतरवलं, एवढंच. पण ह्या कामात एक गंमत आहे. माणूस आपल्यासमोर हाडामांसाचा उभा असतो आणि वर जातो तो फक्त कागद. साहेब कागदच बघतो. म्हणजे कारकुनाने जे लिहिलं तोच माणूस. एवढी सत्ता ब्रह्मदेवाकडेही नसेल, आणि ब्रह्मदेवाप्रमाणे आमच्याही चुका पुढे दुसऱ्यांनाच निस्तराव्या लागतात.

माझी सगळ्यात मोठी चूक एका शब्दाची होती. ती ज्यांनी निस्तरली त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या दिवसाची आठवण झाली की अजून मला आपण फार लहान असल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटलेलं बरंही वाटतं.

लढाईचे दिवस होते. कचेरीत रोज नवा हुकूम येई. रॉकेलचा, धान्याचा, दिवे झाकण्याचा. आमच्याकडे मुळात दिवेच किती होते, पण हुकूम वाचून फाइलीला लावावा लागे. त्यातच परदेशी माणसांबद्दलचा एक हुकूम आला. जो परदेशी असेल त्याने नाव नोंदवायचं, मुंबईहून त्याची कागदपत्रं पक्की होईपर्यंत कोणी त्याला कामावर ठेवायचं नाही, ठेवलं तर ठेवणाऱ्याला दंड. आणि ज्याला पोटापाण्याचं साधन नाही त्याला परदेशी लोकांच्या छावणीत पाठवायचं. ह्या नोंदीची वही माझ्याकडे दिली, कारण ती कोरी राहणार आणि हा माणूस रिकामाच बसतो, असा आमच्या अव्वल कारकुनांचा हिशेब होता.

पंधरा दिवसांत वहीला गिऱ्हाईक मिळालं.

गावातल्या एका लाकडाच्या वखारवाल्याने एक मनुष्य आणून माझ्यापुढे उभा केला. अंगाने वाळका, वय पस्तिशीचं, डोक्यावर बांबूच्या कामट्यांची स्वतः विणलेली रुंद टोपी. नाव सुंग. चीनमधल्या कुठल्याशा बंदरातला, जहाजावरचा सुतार. त्याचं आधीचं जहाज पाणबुडीने बुडवलं होतं. दुसऱ्या जहाजातून तो मुंबईस उतरला तो पुन्हा समुद्राकडे तोंड करीना. लाकडाच्या व्यापाऱ्यांमागे फिरत फिरत तो नंदुरबारला आणि तिथून शहाद्याला पोचला होता. वखारवाला त्याच्या हातावर खूश होता, पण दंडाचं ऐकताच त्याचं प्रेम आटलं. "आजपासून हा माझा कोणी नाही, लिहून घ्या," म्हणाला आणि चपला घालून गेला.

सुंग गोदीवरची मोडकी हिंदी बोले. मी त्याला हुकूम समजावून सांगितला. नोकरी केलीस तर गुन्हा, आणि काही केलं नाहीस तर छावणी. त्याने तो दोनदा विचारून घेतला. मग शांतपणे म्हणाला, "नोकरी नहीं. काम तो है?"

मी हुकूम पुन्हा वाचला. कामावर ठेवून घेण्याबद्दल त्यात पानभर होतं, पण कोणी आपल्या हाताने एखादी वस्तू करून बाजारात विकली तर काय, ह्याबद्दल अवाक्षर नव्हतं. हुकूम लिहिणाऱ्याच्या डोक्यात ती गोष्टच आली नसावी. मी त्याला सांगितलं की मालक करू नकोस, मग काय वाटेल ते कर, आणि दर महिन्याला येऊन अंगठा देऊन जा. फार मोठी अक्कल पाजळल्याच्या आनंदात मी त्या दिवशी घरी गेलो.

पण मालकाशिवाय पोट भरायचं म्हणजे काय, हे आम्हा पगारी माणसांना कुठे माहीत असतं. सुंगने आठवडेबाजारात आधी छत्र्या दुरुस्त करायला मांडल्या. महिना चैत्राचा. उन्हातान्हाला डोक्यावर पदर नाहीतर पागोटं घेणारे आमचे लोक त्याच्याकडे कौतुकाने बघत आणि पुढे जात. मग त्याने नांगराची रुमणी आणि बैलगाडीचे दांडे दुरुस्त करायला घेतले, तर दुसऱ्याच आठवड्यात गावचे सुतार कचेरीच्या पायरीवर येऊन बसले. त्यांचंही बरोबर होतं. कोणत्या घरचा नांगर कोणत्या सुताराने करायचा आणि खळ्यावरून किती धान्य न्यायचं, हे त्यांच्या आज्यापणज्यापासून ठरलेलं. त्यात हा उपरा शिरला तर त्यांनी कोणाच्या खळ्यावर जायचं? सुंगने त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि आपली हत्यारं गुंडाळली.

तिसऱ्या धंद्यात तर त्याचा काही दोषच नव्हता. पूर्वी कधीतरी बाजारात एक चिनी दात काढणारा येऊन गेला होता. तेवढ्यावरून समस्त चिनी दातच काढतात, असा पंचक्रोशीचा समज. ब्राह्मणपुरीचे एक म्हातारबाबा येऊन त्याच्यापुढे बसले आणि त्यांनी आ केला. तो नाही नाही म्हणतो, बाबा तोंड मिटेनात. भोवती गर्दी जमली. शेवटी त्याने डोळे मिटून सांडशी लावली. दात निघाला, बाबा खूश. सुंग मात्र तडक माझ्याकडे आला आणि म्हणाला, लाकूड ओरडत नाही, मला लाकूडच द्या.

ते लाकूड त्याला मिळालं तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर. तिथला कारभारी दित्या, म्हणजे पाड्याचा पुढारी म्हणा, चारोळी विकायला बाजारात येई. त्याने सुंगच्या हातातली एक पेटी पाहिली. तिला खिळा नव्हता. लाकडात लाकूड असं बसवलेलं की दोन माणसांनी ओढलं तरी सुटेना. दित्याने ती उलटीपालटी करून पाहिली, हसला आणि त्याला घेऊनच डोंगर चढला. वर सुतार नव्हता, त्यामुळे कोणाच्या वतनाला धक्का नव्हता. पाड्यावरची पावरा आदिवासी मंडळी त्याला चिनो मिस्तरी म्हणू लागली. दर महिन्याला तो डोंगर उतरून अंगठा द्यायला येई, आणि दर वेळी थोडा जास्त काळा आणि थोडा जास्त हसरा दिसे. वहीत मी लिही, "फिरता सुतार, मालक नाही." माझी वही सुखात होती.

तो पाडा खरं तर अक्राणी महालातला, पण माणसाची नोंद आमच्याकडची. म्हणून श्रावणात वरून फर्मान आलं की प्रत्यक्ष जागेवर जाऊन चौकशी करा. मी एक तट्टू आणि एक पट्टेवाला घेऊन निघालो. तो चढ ज्याने पाहिला असेल त्याला माझी दया येईल. तट्टू मला नेतंय की मी तट्टूला, हे अर्ध्या वाटेनंतर सांगता येत नव्हतं.

पाड्यावर पोचलो तेव्हा दिवस डोक्यावर आला होता. समोरच्या उतारावर ज्वारीची निंदणी चालली होती. तीसेक बायामाणसं एका ओळीत वाकलेली, बांधावर एक जण ढोल वाजवतोय, आणि ओळीच्या मधोमध ती बांबूची रुंद टोपी. मला ते दृश्य आवडलं हे कबूल करतो. पण मी दृश्य बघायला आलो नव्हतो. मी सुंगला बांधावर बोलावलं. शेत कोणाचं? म्हणाला, दित्याचं. दिवसाचं काय मिळतं? म्हणाला, खाना. तेवढ्यात दित्याच्या बायकोने भाकरी आणि भाजी आणली आणि सगळ्यांबरोबर त्यालाही वाढली. माझ्या डोळ्यांदेखत त्याने ती खाल्ली.

मला डोंगरातल्या हिवतापाची भीती. दिवस असताना खाली उतरायचं होतं. मी बांधावर बसूनच कागद पुरा केला: "इसम नामे सुंग हा दित्या कारभारी याचे शेतात अन्नाचे मोबदल्यात मजुरी करतो." वळणदार अक्षर, खाली सही. दुसऱ्या दिवशी तीच ओळ दुसऱ्याच्या शेतात उभी राहणार होती, तिसऱ्या दिवशी तिसऱ्याच्या, आणि तिथे मालक आणि मजूर असा प्रकारच नव्हता. हे मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलं नाही.

कागद वर गेला. मजुरी म्हटल्यावर मजुरी देणारा आला, आणि देणारा आला म्हणजे गुन्हा आला. दोन महिन्यांत उत्तर आलं. दित्याला दंड, आणि चिनी इसमाची छावणीकडे रवानगी. प्रांतसाहेब दौऱ्यावर शहाद्यास येत होते, त्यांनी दोघांना समोर बोलावून हुकूम बजावायचा. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. छावणीतून धडधाकट खलाशांना पुन्हा जहाजांवर चढवतात, असं ऐकून होतो. अव्वल कारकून म्हणाले, तुम्ही पाहिलं ते लिहिलंत, त्यात तुमचं काय चुकलं? हेच मी स्वतःला सांगत होतो आणि ते पटत नव्हतं.

ठरल्या दिवशी मी साहेबांच्या मुक्कामाच्या सरकारी बंगल्यावर गेलो तर अंगणातल्या चिंचेखाली माणसंच माणसं. बोलावलं होतं दोघांना, आला होता अख्खा पाडा. बायका, म्हातारे, पाठीशी बांधलेली तान्ही पोरं. सगळे आदल्या दिवशीच डोंगर उतरून निघालेले. कोणी घोषणा देत नव्हतं, रडत नव्हतं. नुसते बसले होते. सुंग त्यांच्यात टोपी मांडीवर घेऊन बसला होता.

प्रांतसाहेब कडक, पण ऐकून घेणारे गृहस्थ. त्यांनी माझा कागद वाचून दाखवला आणि दित्याला विचारलं की ह्याला मजुरी देतोस हे खरं का. दित्या घरी पावरी बोले, पण आमच्याशी बाजारातल्या अहिराणीत.

"मजुरी कोन्हीच देस नही, साहेब," तो म्हणाला. "तो मन्हा लाहाले उना व्हता."

लाह्याला आला होता, म्हणजे कशाला, असं साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी लाहा हा शब्द ऐकला होता, पण तो कागदावर कधी आला नव्हता, म्हणून माझ्या लेखी तो नव्हताच. मग दित्याने आम्हा दोघांना, पोरांना समजवावं तसं समजावलं. एका घराचं काम निघालं की सगळ्या पाड्याने जायचं. ज्याचं काम त्याने त्या दिवशी जेवू घालायचं. ते जेवण म्हणजे दाम नव्हे. त्या घराने पुढे इतर प्रत्येकाच्या कामाला जायचं, हीच त्याची फेड. चिनो आला तेव्हा त्याला कोणी बोलावलं नव्हतं. सगळे निघाले म्हणून तोही निघाला. पेरणीला गेला, निंदणीला गेला, घर शाकारायला गेला.

साहेबांनी मला विचारलं, "दुसऱ्या दिवशी हा कोणाच्या शेतात होता, ते तुम्ही पाहिलंत?"

मी म्हणालो, "नाही साहेब. मी त्याच दिवशी उतरलो."

"का?"

"तापाची भीती वाटली," मी म्हणालो. उभ्या नोकरीत साहेबापुढे एवढं खरं मी पुन्हा बोललो नाही.

 मग साहेबांनी वकिलाला शोभेल असा मुद्दा काढला. म्हणाले, ठीक आहे, पण ह्याला शेत नाही, घर नाही. तुम्ही ह्याच्या कामाला कधी जाणार? फेड नाही तर ती फुकटची मजुरीच झाली.

दित्या हात जोडून उभा होता. त्याने हात सोडले.

"तेच सांगाले उनूत, साहेब. तो आम्हना समदासना घर उना. आम्ही त्यान्हा घर एक डाव बी गयूत नही. तुम्ही त्याले ली जाशात, ते आम्ही लाहा फेडाले कोठे जावानं?"

मी ह्याचं शुद्ध मराठीत भाषांतर करून सांगितलं: तो आमच्या सगळ्यांच्या घरी आला, आम्ही त्याच्या घरी एकदाही गेलो नाही, त्याला नेलंत तर हा लाहा फेडायला आम्ही कुठे जायचं? ती चाळीस माणसं दया मागायला आलीच नव्हती. आपल्या अंगावरचं ओझं सरकार उतरू देत नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या लेखी छावणीत सुंग जाणार नव्हता, त्यांची अब्रू जाणार होती. असलं काही कुठल्या हुकुमात बसतं?

प्रांतसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, आठ दिवस देतो. ह्याचं स्वतःचं घर असेल आणि त्यात स्वतःचा धंदा असेल, तर मजुरी हा शब्द खोडता येईल. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आणि ह्या वेळी संध्याकाळपर्यंत थांबा."

आठव्या दिवशी मी पुन्हा चढलो. मला वाटलं होतं, घर उभं असेल आणि मी नोंद करून येईन. तिथे नुसती सपाट केलेली जागा होती.  दित्या म्हणाला, तुम्ही बघायला येणार होतात, म्हणून थांबलो.

मग ढोल वाजला. माणसांनी खांबांसाठी खड्डे घेतले, बायकांनी माती तुडवली, बांबू फुटले, कूड विणले गेले. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. मी चाळीस वर्षांत कचेरीत एवढी शिस्त पाहिली नाही, आणि आमच्याकडे तर घंटा होती. सुंग त्या सगळ्यांमध्ये नवरदेवासारखा अवघडून उभा होता. मालकाने त्या दिवशी काय करायचं असतं हे त्याला सुचेना. तेव्हा दित्याची बायको पुढे झाली. घरोघरून पीठ आणलं होतं, पण ते तिने आधी सुंगच्या हातात दिलं, मग त्याच्याकडून मागून घेतलं, आणि अजून भिंत नसलेल्या त्याच्या घरात तीन दगडांवर चूल पेटवली. भाकरी त्याच्या घरची झाली पाहिजे ना!

मी बांधावर कागद घेऊन बसलो होतो. दुपारी छपराचा आडवा बांबू वर चढवताना एक हात कमी पडला. एका म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं त्या बांबूकडे बोट केलं. मी कागद दगडाखाली ठेवला, कोट काढला आणि खांदा लावला. नंतर कोट घालायला सवडच झाली नाही. पट्टेवाला बघतच राहिला आणि मग तोही गवताचे भारे उचलू लागला. भाकरी मी सगळ्यांच्या पंगतीत खाल्ली.

दिवस मावळायच्या आत घर उभं राहिलं. सुंगने शेवटी स्वतः दार बसवलं, एकही खिळा न मारता. मी त्या दारातून आत गेलो, कोपऱ्यात त्याची हत्यारं मांडलेली पाहिली आणि तिथेच बसून लिहिलं: "स्वतःचे घरात स्वतःचा सुतारकामाचा धंदा. मालक कोणी नाही." माझ्या हाताला फोड आले होते, अक्षर भिकार आलं. आयुष्यात लिहिलेला तेवढा एकच कागद मला जपून ठेवावासा वाटला, आणि तोच वर पाठवावा लागला. प्रांतसाहेबांनी त्यावर सही केली. मुंबईहून त्यावर पुढे काहीही आलं नाही. सरकारी भाषेत ह्याला मंजुरी म्हणतात.

पुढे लढाई संपली, राज्य बदललं, माझी वही कपाटात गेली. मी निवृत्त झालो आणि ब्राह्मणपुरीला चार खणांचं घर बांधायला काढलं. एक दिवस सकाळी बघतो तर ओट्यावर सुंग. केस पिकलेले, टोपी तीच किंवा तिच्यासारखीच दुसरी. मी त्याला कळवलं नव्हतं. बाजारात कोणीतरी दित्याला सांगितलं होतं, दित्याने त्याला. तो ओट्यावरून उठला. गवंड्याने ठेवलेली मोकळी चौकट पाहिली, फळ्या हाताने चाचपल्या आणि कामाला बसला. आमच्या घरातून भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं, ते खाल्लं. तिन्हीसांजेला दार लागलं. एका बोटाने ढकलावं आणि आवाज न करता मिटावं, असं दार.

मी भारावून गेलो आणि सवयीने खिशात हात घातला.

त्याने माझा हात खिशातच धरला. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "मजुरी मत लिखो."

म्हणजे इतकी वर्षं तो शब्द त्याच्या लक्षात होता, तो कोणाच्या हातचा होता हेही लक्षात होतं. आणि तरी तो डोंगर उतरून आला होता.  मी हात रिकामाच बाहेर काढला.

त्या साली होळीच्या आधी त्याचं छप्पर शाकारायचं होतं. मी गेलो. गुडघे कुरकुरत होते, तरी तट्टू केलं नाही. गवताच्या पेंढ्या खालून वर देण्याचं सोपं काम मला मिळालं. पाड्यावर नव्यानेच नांदायला आलेली एक सून मला न्याहाळत होती. धोतर, चष्मा, टोपी, हा कोण परका, असं तिने सुंगला विचारलं. तो छपरावर होता. त्याने वरूनच उत्तर दिलं, आणि ते मला समजावं म्हणून असेल, अहिराणीत दिलं.

"परका नही. लाहाले उना शे."

आणि त्याने पुढची पेंढी घ्यायला हात खाली केला.